शून्य का लिहीत नाहीत?

गेल्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी रिपोर्ट घेऊन आले. प्रोस्टेटच्या कर्करोगामुळे वर्षापूर्वी त्यांची ती ग्रंथी काढली आहे. रिपोर्टवर होते, ‘पीएसए ०.१ नॅनोग्रॅमपेक्षा कमी’. गुरुजी म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, कमी म्हणजे किती? शून्य का लिहीत नाहीत? घरी मंडळींना झोप नाही.’’

गुरुजी गणित शिकवीत. प्रश्न रास्तच होता. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन. ग्रंथी गेली की ते रक्तात नगण्य उरायला हवे. पण नेहमीचे यंत्र एका मर्यादेखाली आंधळे असते. रांजणभर पाण्यात चिमूटभर कुंकू दिसत नाही, पणतीभर पाणी मात्र त्याने लाल होते.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे डेव्हिड वॉल्ट व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती हीच. प्रतिपिंडे चिकटवलेले सूक्ष्म चुंबकीय मणी रक्तद्रवात सोडायचे. मणी लाखोंनी आणि प्रथिनाचे रेणू मोजके, म्हणून एका मण्याला फार तर एकच रेणू लागतो. त्या रेणूला एक एन्झाइम जोडायचे आणि मणी एकेक करून इवल्या खळग्यांत बसवायचे. खळगा ५० फेम्टोलिटरचा. एक मिलिलिटर पाणी भरायला असे २,००० कोटी खळगे लागतील! एवढ्याशा जागेत एकट्या एन्झाइमने बनवलेले चमकते द्रव्यही विरून जात नाही, खळगा उजळतो. कॅमेऱ्याने उजळलेले खळगे मोजायचे, बस्स. ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या रक्तात या रीतीने मिलिलिटरमागे १४ फेम्टोग्रॅम इतके कमी पीएसएही मोजता आले. म्हणजे गुरुजींच्या रिपोर्टातील मर्यादेचा सुमारे सात हजारावा भाग.

‘‘मग मुंबईला जाऊन तीच करून घेतो,’’ गुरुजी उठलेच.

मी त्यांना बसवले. रेणू सापडणे म्हणजे रोग सापडणे नव्हे. मागे राहिलेला निरोगी कणही थोडे पीएसए सोडतो. ऑपरेशननंतर ०.२ किंवा त्याहून जास्त आकडा आला आणि फेरतपासणीतही तसाच निघाला, तर रोग परतल्याचे धरण्याचा प्रघात आहे. त्याच्या कितीतरी खालचा आकडा हाती देऊन मी गुरुजींची उरलीसुरली झोपही घालवली असती.

‘‘मग पुढची तपासणी?’’

‘‘सहा महिन्यांनी, आणि याच लॅबमध्ये. यंत्र बदलले की मागचे आकडे जुळत नाहीत.’’

गुरुजींनी खिशातली डायरी काढून तारीख टिपली.