मृदाजल, उपलब्ध
मृदाजल, उपलब्ध : मृदेत साठलेल्या पाण्यापैकी जो भाग वनस्पतींची मुळे शोषून घेऊ शकतात, त्यास उपलब्ध मृदाजल म्हणतात. मृदेतील एकूण पाणी व उपलब्ध पाणी यांत मोठा फरक असतो. हाताला ओलसर लागणाऱ्या मृदेतही पीक सुकू शकते, ते यामुळेच.

पाऊस किंवा ओलितानंतर मोठ्या छिद्रांतील पाणी गुरुत्वाकर्षणाने झिरपून जाते. सर्वसाधारणपणे दोन-तीन दिवसांनी उरणाऱ्या पाण्याच्या प्रमाणास क्षेत्र जलधारणक्षमता म्हणतात. शेतकरी ज्यास वाफसा म्हणतात ती अवस्था याच्या जवळपासची होय. उरलेले पाणी मृत्कणांभोवती पातळ थराच्या व बारीक छिद्रांत केशजलाच्या रूपाने असते. पर्णरंध्रांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासामुळे प्रकाष्ठातील जलस्तंभावर ताण पडतो आणि मूलरोमांतून पाणी आत ओढले जाते. मृदा कोरडी होत जाते तसतसे हे थर पातळ होतात व कणांची पाण्यावरील पकड वाढते. ती सु. १५ वातावरण दाबाइतकी झाली की बहुतेक पिकांना पुरेसे पाणी मिळत नाही. भर दुपारी मान टाकणारी रोपे सायंकाळी सावरतात. परंतु या अवस्थेत ती रात्रीच्या दमट हवेतही सावरत नाहीत. यास स्थायी म्लानिबिंदू म्हणतात. एल्. जे. ब्रिग्ज व एच्. एल्. शँट्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१२ मध्ये दाखविले की, या बिंदूला मृदेत उरणारे पाणी वनस्पतीच्या जातीपेक्षा मुख्यत्वे मृदेच्या पोतावर अवलंबून असते. तथापि काही मरुवनस्पती याहूनही घट्ट धरलेले पाणी शोषू शकतात.

वरील दोन मर्यादांमधील पाणी हे उपलब्ध जल होय. जाड वाळूच्या १ मी. खोलीत ते सु. ५ ते ८ सेंमी., तर चिकणमातीत सु. १५ ते २० सेंमी. असते. चिकणमाती म्लानिबिंदूलाही बरेच पाणी स्वतःत धरून ठेवते.

महाराष्ट्रातील काळ्या मृदेत माँटमोरिलोनाइट गटातील मृद्‌खनिजांचे प्रमाण जास्त असते. मृगाच्या हलक्या सरींनी कोरड्या काळ्या रानाचा वरचा थर भिजतो. पण त्या पाण्याचा बराच भाग कण घट्ट धरून ठेवतात आणि खालचा थर कोरडाच राहतो. अशा वेळी घाईने पेरल्यास उगवलेली रोपे सुकतात व दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. उलट पुरेशी खोलवर भिजलेली हीच भारी मृदा सोलापूर भागात रब्बी ज्वारीला बव्हंशी साठलेल्या ओलीवर वाढवते. कोळपणीने भेगा बुजून बाष्पीभवन कमी होते व तण निघाल्याने ओल पिकास मिळते. म्हणून पेरणीपूर्वी केवळ वरचा थर न पाहता ओल किती खोल गेली आहे, हे उकरून पाहणे आवश्यक असते.