मनी माय, मनी बोली

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू राहू द्या. भाजी निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल.

गेल्या दिवाळीतली गोष्ट सांगते. माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं. भाऊबीजेला जाणं जमलं नाही, म्हणून आईशी फोनवर चांगली अर्धा तास बोलले. फोन ठेवला, तशी माझी दहावीतली लेक म्हणाली, "आई, आजीशी बोलताना तू कुणी वेगळीच बाई असतेस. मोठ्यानं हसतेस, भांडतेस, मध्येच रडतेससुद्धा. आमच्याशी अशी कधी बोलत नाहीस."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण लेकीचं म्हणणं खरं होतं. आईशी मी अहिराणीत बोलते. लेकीशी पुस्तकातल्या मराठीत. नवऱ्याचं घरही खानदेशातलंच. पण मुलगी झाली तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, हिच्याशी 'शुद्ध' बोलायचं. आपल्याला हसले तसं हिला कुणी हसू नये.

मला हसले होते ते कॉलेजात. पहिल्याच आठवड्यात मी बोलता बोलता 'मना भाऊ' म्हणून गेले. सगळा वर्ग हसला, शिकवणारेही हसले. त्या दिवसापासून मी आधी मनात वाक्य तपासायला लागले आणि मग तोंड उघडायला लागले. ज्यांनी हे भोगलंय त्यांना ठाऊक असेल, असं तपासत बोलणारी मुलगी हळूहळू कमी बोलायला लागते. लोक म्हणतात, किती शांत आहे! ती शांत नसते, घाबरलेली असते.

तर आज याच विषयावर बोलू. आपण जी बोली बोलतो, तिचा आणि आपण कोण आहोत याचा संबंध काय?

आधी अहिराणीविषयी थोडं. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि नाशिक जिल्ह्यातले बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत ती बोलली जाते. 'माझी आई' म्हणजे 'मनी माय', 'माझा भाऊ' म्हणजे 'मना भाऊ'. 'घरात' म्हणजे 'घरमा', 'वावरात' म्हणजे 'वावरमा'. मुलीला 'आंडेर' म्हणतात, मुलाला 'आंडोर'.

आता नीट ऐका. 'घरमा' आणि 'वावरमा' यांत 'मा' दोन्हीकडे सारखाच लागतो ना? माझी आई शाळेत गेलेली नाही, पण 'मा' कुठे लावायचा यात ती कधी चुकत नाही. म्हणजे अहिराणीला नियम आहेत, व्याकरण आहे. फक्त ते पुण्याच्या व्याकरणाहून वेगळं आहे. एखादी बाई गुजराती बोलली तर आपण म्हणतो, ती गुजराती बोलते. अहिराणी बोलली की मात्र म्हणतो, तिचं मराठी अशुद्ध आहे! इंग्रजांच्या काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिच्या १९०७ साली निघालेल्या खंडात खानदेशीची मांडणी मराठीत न करता भिल्ली भाषांबरोबर केलेली आहे. आपल्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजतात आणि अहिराणी तिच्यात धरतात.

मग 'शुद्ध' मराठी आली कुठून? एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात सरकारी शाळा निघाल्या, छापखाने आले. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. पुस्तकांसाठी कुठलं तरी एक रूप धरावं लागणार होतं. तेव्हा लिहिते-वाचते लोक पुण्याकडचे आणि कोकणातले जास्त, तेही बहुतेक पुरुष आणि ब्राह्मण. त्यांच्या घरातलं बोलणं पुस्तकात गेलं, पुस्तकातून शाळेत गेलं आणि पुढे तेच शुद्ध ठरलं. प्रमाण भाषा हवीच, त्याशिवाय चंद्रपूर आणि सिंधुदुर्गातल्या बायकांना एकच मासिक वाचता येणार नाही. पण ती सोयीसाठी केलेली गोष्ट आहे. तिच्यावरून माणसाची अक्कल मोजायची नसते.

बोलीत आपली ओळख कशी असते, त्याचं एक उदाहरण आपल्याच बाजूचं बघा. मराठीत बाईला 'मी आले' म्हणताना आपण बाई असल्याचं क्रियापदातच सांगावं लागतं. पण कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका खुशाल 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. त्यांच्या आज्याही तसंच म्हणायच्या. तिथं त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तीच मुलगी पुण्याच्या हॉस्टेलवर 'आलो' म्हणाली की मैत्रिणी हसतात. मग ती 'आले' म्हणायला शिकते. एका मात्रेचा तर फरक! पण स्वतःविषयी बोलण्याची तिची रीत बदललेली असते आणि ती कुणाच्या तरी हसण्यामुळं बदललेली असते.

दुसरं उदाहरण माझ्या आईचं. गावात आईचा शब्द चालतो. गल्लीत भांडण झालं की लोक तिला बोलावतात. तिच्याकडे म्हणी आहेत, टोमणे आहेत, समजूत घालायचे शंभर प्रकार आहेत. तीच आई आमच्याकडे आली आणि शेजारणी चहाला आल्या, की पदर सावरून कोपऱ्यात बसते. विचारलं तर 'हो', 'नाही' एवढंच. शेजारणींना वाटतं, म्हातारी भोळी आहे बिचारी. आई तीच, अक्कल तीच. बोली काढून घेतल्याबरोबर तिचा मान गेला, थट्टा गेली, हुशारीही दिसेनाशी झाली.

बायकांचा तर बोलीशी फारच जवळचा संबंध. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावजवळच्या असोद्याला त्या जन्मल्या. घरच्यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपानं आली, आणि ती वाचून आचार्य अत्र्यांसारखा माणूस थक्क झाला. ती गाणी लेवा गणबोलीतली आहेत, अहिराणीच्या शेजारच्या बोलीतली. बहिणाबाई 'आधी शुद्ध शिकते, मग गाते' म्हणत बसल्या असत्या तर? जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉटवेन यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, नवऱ्याचा मार, हे सगळं बायकांनी आपापल्या बोलीत सांगितलेलं आहे. दुसऱ्या कुणाच्या भाषेत त्यांना ते सांगता आलं नसतं.

आता आकडे सांगते, कारण ते मला बोचतात. २००१च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ला ते सुमारे १८ लाख ६० हजार झाले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि बोली सांगणारे दोन लाखांनी कमी झाले. त्यातल्या काहींनी लाजेनं 'मराठी' सांगितलं असेल. आणि काही माझ्या लेकीसारखे असतील, ज्यांना आईबापांनी ती शिकवलीच नाही. हा हिशेब मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. त्या घटीत माझं घरही आहे.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे काय, ठाऊक आहे? लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. शाळेची किंवा राज्याची भाषा कुठली, हे तिथं विचारलेलं नसतं. पुढची जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. दारात येणारी व्यक्ती मातृभाषा विचारील, तेव्हा आईचं बोलणं आठवा आणि तेच नाव सांगा. तुम्ही सांगाल ते लिहून घ्यायचं, असा नियम आहे. घरातले पुरुष घाईनं 'लिहा मराठी' म्हणाले, तर तुम्ही पुढं व्हा.

काहीजणी म्हणतील, ताई, हे ठीक आहे, पण पोरांच्या मार्कांचं काय? रास्त प्रश्न आहे. पण लहान मुलाला दोन काय, तीन बोल्याही जड जात नाहीत. घरी एक, शाळेत एक, हे वेगळेपण ते आपोआप सांभाळतं. माझं प्रमाण मराठी चांगलं झालं, ते अहिराणी विसरल्यामुळं झालेलं नाही. आणि ज्या शिक्षकभगिनी ऐकत असतील त्यांना विनंती, की मूल 'घरमा' म्हणालं तर 'चूक' म्हणू नका. 'बरोबर, आणि पुस्तकात त्याला घरात म्हणतात,' असं म्हणा. नव्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे.

घरी काय करता येईल? आठवड्यातून एक दिवस जेवताना आपल्या बोलीतच बोला. आजीला गोष्ट सांगायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. भांडी, पिकं, नाती, आजार यांचे जुने शब्द वहीत उतरवा. आणि दुसऱ्या कुणाच्या बोलीला हसू नका. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या बोलीलासुद्धा.

आमच्याकडे सुरुवात झाली आहे. उन्हाळ्यात आई येऊन राहिली. लेकीनं तिला दारातच विचारलं, "कशी शे व माय?" उच्चार चुकला. आईनं तिला तीनदा म्हणायला लावलं आणि नंतर पोट धरून हसली. त्या हसण्यात लेकही सामील झाली. असं हसणं मला कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं. महिनाभर दोघी आजी-नात वही घेऊन बसायच्या. एकदा शेजारीण चहाला आली, तेव्हा आईच्या बोलण्यातला एक शब्द तिला कळेना. तो लेकीनं तिला समजावून सांगितला, आणि आई पुढे बोलत राहिली.

तुमच्या माहेरचा असा एखादा शब्द, जो सासरी कधी वापरला नाही, तो आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन. येते मी. नमस्कार.