नातू पैसे चोरतो तेव्हा

मागील महिन्यात एक आजोबा रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले. गोळ्या नियमित चालू असूनही रक्तदाब वाढलेला होता. बऱ्याच वेळाने ते बोलते झाले. चौदा वर्षांच्या नातवाने त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या पैशांना तीनदा हात लावला होता. मुलगा त्याला बेदम मारील, या भीतीने त्यांनी घरात वाच्यता केली नव्हती. ‘‘डॉक्टर, आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं हो,’’ एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते.

वाचकहो, घराण्याचा विचार प्रथम बाजूला ठेवावा. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ साली चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १४ मुले कोणाविषयीच माया नसलेली, कोरडी अशी त्यांना आढळली. आणि त्या १४ पैकी १२ जणांची बालपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. या निष्कर्षावर पुढे टीका झाली, ती रास्तच होती. सारा दोष आईच्या माथी मारण्याची त्यात सोय होती. नोकरी करणाऱ्या सुनांना तो आजही ऐकावा लागतो! मायकेल रटर यांनी नंतर दाखवून दिले, की नुसत्या ताटातुटीपेक्षा घरातील सततचा कलह मुलांच्या वर्तनाला अधिक घातक ठरतो.

दुसरे कारण शाळेच्या दप्तरात दडलेले असते. अध्ययन-अक्षमता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलाला ‘ढ’, ‘वाह्यात’ ही विशेषणे लवकर चिकटतात. वर्गात मान नाही म्हटल्यावर तो जेथे मान मिळतो तेथे जातो, आणि नाक्यावरची थोराड मुले तो मान सढळ हाताने देतात. त्यातच आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत असतो. रुमालाला व्हाइटनरचा वास, लाल डोळे, अचानक बदललेले मित्र, ही चिन्हे दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांच्या नजरेस आधी पडतात.

अशा वेळी पांघरूण घालू नये आणि चारचौघांत पंचनामाही करू नये. नातवाला एकट्याला जवळ बसवून पैसे कशासाठी लागले, हे शांतपणे विचारावे. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलेच, तर १८ वर्षांखालील मुलाचा विचार २०१५ च्या कायद्यानुसार बाल न्याय मंडळ करते आणि त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा आहे.

त्या आजोबांनी नातवाला माझ्याकडे आणले. इयत्ता आठवीतील त्या मुलाला एक परिच्छेद सलग वाचता येत नव्हता. दोन महिने तो शाळेच्या वेळात नाक्यावर बसत होता आणि पैसे तेथेच जात होते. पुढच्या भेटीला मी वडिलांनाही बोलावले. ते आले, पण पहिली दहा मिनिटे मुलाकडे पाहत नव्हते. मुलाचा हात आजोबांनी धरून ठेवला होता.