आलेखाच्या सूचीतील ठिपके

आलेखाची सूची बहुधा सर्वांत शेवटी आणि घाईने बसविली जाते. जॉन हंटर यांनी २००३ साली प्रसृत केलेली मॅटप्लॉटलिब ही पायथन भाषेतील आलेखनप्रणाली तिची मांडणी आपल्या संकेतांनुसार करून देते, व अभ्यासक ती तशीच स्वीकारतो. ही सवय कोठे बाधते, हे तुळिंजच्या नकाशावरून पाहावे.

नालासोपाऱ्याच्या पूर्वेस तुळिंज येथे चाळी व इमारती एकमेकींस खेटून आहेत. तुंगारेश्वराच्या डोंगराकडे वस्ती विरळ होते. प्रत्येक इमारतीस एक ठिपका दिल्यास तुळिंजच्या जागी नुसता काळा डाग उमटेल. म्हणून ठिपके लहान व पारदर्शक करून अल्फा ०.०५ ठेवावा, म्हणजे दाटी छटेने कळते. परंतु सूचीतील एकटा ठिपकाही तितकाच फिकट होतो आणि जवळजवळ दिसेनासा होतो. अशा वेळी सूचीतील खुणेस सेट_अल्फा वापरून १ हे मूल्य द्यावे आणि मार्करस्केलने ती खुशाल मोठी करावी. ठिपका येथे केवळ ‘इमारत’ एवढेच सांगतो. त्यात कोणाची दिशाभूल नाही.

ठिपक्याच्या आकाराने कुटुंबांची संख्या दर्शविली असेल, तर मात्र हाच उपाय घातक ठरतो. स्कॅटरमधील ‘एस’ हे क्षेत्रफळाचे माप आहे. मार्करस्केल ३ केल्यास सूचीतील खुणेचा व्यास तिप्पट, पण क्षेत्रफळ नऊपट होते. सूचीशी ताडून पाहणारा वाचक चाळीतील कुटुंबे एकनवमांशच मोजील. शिवाय आकार भिन्न असता सूचीत येणारा एकमेव ठिपका लघुतम व महत्तम क्षेत्रफळांच्या सरासरीचा असतो. २० ते ४२० या मर्यादेत तो २२० चा येईल, मग तेवढी इमारत नकाशावर असो वा नसो.

लाइन२डी वापरून खूण हाताने घडविताना मार्करसाइज हा व्यास असतो, म्हणून ‘एस’चे वर्गमूळ घ्यावे: १०० साठी १०. (१०० च लिहिले तर चूक तत्काळ डोळ्यांत भरते, ४ च्या जागी २ लिहावयाचे राहिले, तर ती छापून जाते.) २०१९ च्या ३.१ या आवृत्तीपासून लेजंड_एलिमेंट्स ही सोय उपलब्ध आहे. तिला ‘साइझेस’ हा गुण सांगून, आकारावरून मूळ संख्येकडे नेणारे सूत्र ‘फंक’मध्ये द्यावे. कुटुंबसंख्येची दुप्पट करून ‘एस’ ठरविला असेल, तर ते सूत्र निम्मे करणारे हवे. ते न दिल्यास सूचीत कुटुंबसंख्येऐवजी ‘एस’चेच आकडे छापले जातात.