दुसऱ्याचा दात

अठराव्या शतकातील लंडनमध्ये दातांचा एक विलक्षण व्यवहार चालत असे. श्रीमंताचा किडलेला पुढचा दात उपटायचा आणि त्याच बैठकीत एखाद्या गरीब मुलाचा निरोगी दात काढून त्या खाचेत बसवायचा. मुलाला काही नाणी मिळत. त्याच्या हिरडीतील जागा मात्र जन्मभर रिकामी राही. थॉमस रोलँडसन यांनी १७८७ मध्ये या प्रकारावर उपहासचित्र काढले. त्यात दात देणारा मुलगा धुराडी साफ करणारा आहे.

या उपचाराला प्रतिष्ठा दिली ती जॉन हंटर या नामवंत शल्यविशारदाने. त्यांनी कोंबड्याच्या तुऱ्यात मानवी दात रोवला आणि तो तेथे रुजल्याचे दाखविले. (त्या मुक्या जिवाच्या यातना हा वेगळाच विषय.) दात मापाने बसला नाही तर दुसरा हवा, म्हणून अनेक दाते हजर ठेवावेत, असा त्यांचा सल्ला होता. परंतु दात्याच्या दाताबरोबर उपदंशाची बाधा झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि रुजलेले दातही काही वर्षांत हलू लागत.

याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवरील त्वचारोपणाचा अभ्यास करताना पीटर मेडावर यांना आढळले, की शरीर परकी त्वचा ओळखून नाकारते. त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावल्यास अधिक त्वरेने. या दिशेच्या संशोधनासाठी त्यांना १९६० चे नोबेल विभागून मिळाले. दाताच्या बाबतीत हा नकार संथ असतो. मुळावरील परक्या पेशी नष्ट होतात, शरीर मूळ झिजवत जाते, त्या जागी हाड भरते आणि अखेर वरचा भाग गळतो. विकणाऱ्याने गमावले आणि घेणाऱ्याकडेही टिकले नाही, असा तो सौदा होता.

स्वतःचा दात मात्र शरीर परका मानत नाही. म्हणूनच आज निकामी दाढेच्या जागी रुग्णाचीच अक्कलदाढ बसविता येते. मुळाभोवतीचे नाजूक तंतू जिवंत राहिले, तर ती हाडाशी पुन्हा जोडली जाते.

घरात पडून मुलाचा कायमचा दात समूळ निखळला, तरी हेच तत्त्व उपयोगी पडते. दात वरच्या भागाने धरावा, मूळ घासू नये. लगेच खाचेत बसविता आला तर उत्तम. अन्यथा दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा पोहोचते.