उंदराचं विष निघालं वैरणीतून

उंद्री. चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. नावात उंदीर ऐकू आला ना? एकदा हसून घ्या, कारण पुढे उंदीरच आहे. गावातल्या कुठल्याही कोठ्यात डोकावा. गोठ्याला वऱ्हाडात कोठाच म्हणतात. एका कोपऱ्यात सोयाबीनचं नि तुरीचं कुटार, शेजारी कडबा आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं सरकी ढेपेचं पोतं. पोत्याच्या बुडाशी रुपयाएवढं भोक. खाली ढेपेचा चुरा, आणि चुऱ्यात काळ्या लेंड्या.

हे भोक पाडणारं हत्यार बघण्यासारखं आहे. उंदराचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. समोरच्या बाजूला टणक थर, त्यात चक्क लोह, म्हणून रंग नारिंगी-पिवळा. मागची बाजू मऊ. कुरतडताना मऊ बाजू आधी झिजते आणि समोरची कड धारदार राहते. कामानंच धार लागते असा विळा तुमच्या घरात आहे का?

पण दात सोडा. उंदराला उलटी होत नाही, हे माहीत होतं? आपण शिळंपाकं खाल्लं तर पोट ते बाहेर फेकतं. उंदराच्या शरीरात ती सोयच नाही. गिळलं ते गिळलं. मग उकिरड्यावर जेवणारा हा प्राणी आजवर टिकला कसा?

संशयाच्या जोरावर! रोजच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की घरउंदीर काही दिवस तिच्याकडे फिरकतच नाही. म्हणून आज लावलेला पिंजरा उद्या रिकामा असतो आणि आपण पिंजऱ्याला शिव्या घालतो. (उघडा ठेवा, चार दिवस नुसतं खाऊ घाला, मग लावा.) नवं खाणं असेल तर तो आधी चिमूटभरच चाखतो. नंतर पोटात कालवलं, तर त्या चवीला जन्माचा रामराम. 1950 आणि 1960च्या दशकांत जॉन गार्सिया या अमेरिकन शास्त्रज्ञानं हे प्रयोगानं दाखवलं, तेव्हा जाणकारांना ते पचायला जड गेलं. खाणं आणि त्रास यांत तासन्‌तास गेले तरी उंदीर दोन्हींची गाठ बरोबर मारतो, आणि तेही एकाच अनुभवात! शिवाय बाहेरून खाऊन आलेल्या भाऊबंदाचं तोंड हुंगून त्यानं काय खाल्लं हेही तो ओळखतो.

अशा प्राण्याला विष घालायचं कसं? काळी पूड मिळते ती झिंक फॉस्फाइडची. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की विषारी वायू तयार होतो. काम झटपट, पण अर्धवट चाखून वाचलेला उंदीर ती चव विसरत नाही. म्हणून जाणकार आधी दोन-तीन दिवस साधंच आमिष ठेवतात, हेवा करावा असा पाहुणचार. खरं तर हवं होतं असं विष, की जे उंदराला कळूच नये.

ते सापडलं कुठे? गुरांच्या वैरणीत!

1920च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गुरं विचित्र मरू लागली. शिंग कापलं, खच्चीकरण केलं, की रक्त थांबेचना. दोष निघाला स्वीट क्लोव्हर या चाऱ्यात. हा आपल्या लसूणघासाच्या कुळातला, वाळला की गोड वास येणारा. चांगला असेल तर निर्धोक. बुरशी आली की जीवघेणा. 1933च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून गाडी हाकत विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. सोबत मेलेली कालवड, बिघडलेली वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. त्या कॅनमधलं कोडं सुटायला सहा वर्षं लागली. वासाच्या त्या गोड द्रव्यापासूनच बुरशी असा पदार्थ बनवत होती की शरीरातलं ‘के’ जीवनसत्त्व निकामी व्हावं. त्याच्याच धर्तीवर बनलेलं वॉरफरिन 1948मध्ये उंदीरनाशक म्हणून बाजारात आलं, आणि काही वर्षांतच तेच माणसांना रक्त पातळ ठेवायला दिलं जाऊ लागलं. आपल्याकडच्या दुकानात मिळणारं ब्रोमॅडिओलोन याच घराण्यातलं. किलोभर आमिषात जेमतेम 50 मिलिग्रॅम!

युक्ती त्याच्या संथपणात आहे. रक्त गोठवणारा शरीरातला साठा संपायला काही दिवस लागतात. तोवर उंदीर मजेत असतो, त्याला संशय येणार कुठून?

आणि नेमका हाच गुण कोठ्यात घात करतो. चार दिवसांनी मरणारा उंदीर कुठे मरेल, ते तुमच्या हातात नाही. तो कुटाराच्या ढिगात मेला तर? गाय जिभेनं घास ओढते आणि फारसं न निवडता गिळते. म्हणून तर तिच्या पोटात खिळे नि तारा सापडतात. कुजलेल्या उंदरात बोट्युलिझमचे जंतू वाढले असतील, तर तेवढा कुटाराचा घास जनावराला लुळं पाडून मारायला पुरतो. पीठ, गूळ, तेल घालून केलेलं आमिष तर बकरीला भरड्यासारखंच लागणार. म्हणून माझं मत सरळ आहे: चाऱ्याच्या खोलीत विष नको. वापरायचंच तर बाहेर, बिळापाशी, बकरी-कोंबडीचं तोंड पोचणार नाही अशा बंद डब्यात. आणि मेलेले उंदीर शोधून खोल पुरायचे. जनावरानं आमिष खाल्ल्याचा संशय आला तर विषाचं पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे धावा. ब्रोमॅडिओलोनवर ‘के1’ हा उतारा आहे, झिंक फॉस्फाइडवर असा उतारा नाही.

मग करायचं काय? त्याची वाट मोडायची. उंदीर मिशांनी भिंत चाचपत पळतो. रोजच्या वाटेवर अंगाच्या तेलकट मळाचा काळा पट्टा उमटतो, तो बॅटरी मारून बघा. भिंतीला टेकलेलं पोतं म्हणजे त्याच्यासाठी छप्पर घातलेली गल्ली. पोती हातभर पुढे ओढा, फळ्यांवर चढवा, खालून झाडू आणि मांजर दोन्ही जाऊ द्या. ढेप नि भरडा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. पेन्सिल जाईल अशा फटीतून लहान उंदीर सहज जातो, तेव्हा फटी सिमेंटनं बुजवा. मादी तीन आठवड्यांत विते आणि विल्यावर दिवसभरात पुन्हा गाभण राहू शकते. मारण्याच्या शर्यतीत तुम्ही दमाल. सांडलेली ढेप मात्र दहा मिनिटांत झाडून होते.

एक राखणदार तर फुकट मिळतो. बदामी तोंडाचं, पांढुरकं घुबड. आपण त्याला अपशकुनी म्हणून हाकलतो, पण मराठीत त्याचं नाव काय आहे? गव्हाणी घुबड! थेट गुरांच्या गव्हाणीवरून. त्याचे कान एका पातळीत नसतात, एक वर, एक खाली. त्यामुळे आवाज किती उंचीवरून आला हेही त्याला कळतं, आणि मिट्ट काळोखात नुसत्या खसफसीवर ते उंदीर अचूक उचलतं. विषानं सुस्तावलेला उंदीर त्याच्या नखांत आधी सापडतो, आणि मग घुबडही मरू शकतं.

उंदीर ते अख्खा गिळतं. काही तासांनी हाडं आणि केस यांचा गोळा तोंडावाटे बाहेर टाकतं. उंदराला जे जमत नाही, तेच. पडक्या वाड्याच्या तुळईखाली असा गोळा सापडला तर पाण्यात भिजवून काडीनं उकला. आत चिमुकली कवटी निघेल, आणि तिच्या पुढच्या दातांवर तोच नारिंगी रंग, जसाच्या तसा.