घर सुटलेल्यांची पुस्तकं

भारतातून परतताना २३ किलोंच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या आणि पुस्तकं यांचं दरवर्षी भांडण होतं. या वर्षी पुस्तकं जिंकली. त्यातली दोन एम.ए.ला असताना परीक्षेपुरती वाचलेली. इथे डिपेंडंट व्हिसावर, नोकरीविना घरात असताना ती पुन्हा वाचली आणि त्यातली माणसं जवळची वाटू लागली. सगळीच घर सुटलेली!

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. चक्रधर मुंबईला उतरतो. त्याच्यावर जीव लावणाऱ्या हॅर्टाला उतरता येत नाही. आपण आपल्या मर्जीनं घर सोडलं आणि परतीचं दार उघडं आहे, ही केवढी श्रीमंती! ‘परदेशात फार एकटं वाटतं’ हे वाक्य मी आता जपून वापरते.

लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य नवऱ्याच्या निर्णयानं उलटंपालटं झालं. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि पुढे १९०० साली स्वतःच्या विचारानं त्यांनीही तो धर्म स्वीकारला. कधी शाळेत न गेलेल्या या बाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४मध्ये आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. “तू दिवसभर घरी काय करतेस गं?” असं कुणी फोनवर विचारलं की मला हे साल आठवतं आणि धीर येतो. शिवाय जिथे आपण रडलो असतो, तिथे लक्ष्मीबाई हसवतात.

तिसरं पुस्तक अभ्यासक्रमाबाहेरचं, प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन मी रात्री माझ्या आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यानं वाचून दाखवला. कानडी वळणाचे शब्द अडले, तिथे थांबून सांगितले. एका रात्री तो म्हणाला, “आई, आपलं उलटं आहे ना? आई-बाबा इथे, आजी तिकडे.” मला पटकन उत्तर सुचलं नाही. रविवारी त्यानं आपणहून नाशिकला फोन लावून आजीला लंपनची गोष्ट सांगितली. निम्मे शब्द इंग्रजी, पण आजीला सगळी कळली. तेव्हापासून दर रविवारी ती विचारते, “पुढे काय झालं रे?”

तिन्ही पुस्तकं माझ्याकडे आहेत. मंडळातल्या कुणालाही हवी असतील तर खुशाल न्या. मात्र वाचून झाल्यावर गप्पा मारायला या. शिकवायची सवय अजून गेलेली नाही!